शोध कोणाचा आणि सनद कोणाची?

बुद्धि ही कांहीं घराण्यांची मिरास असून बाकीच्यांनीं नुसते हात चालवावे, असें मानणारे लोक सर्व देशांत आहेत. त्यांना पुरावा विचारला, तर ते उलट विचारतात, "या लोकांनीं आजवर कोणता शोध लाविला, तें दाखवा पाहूं!" सवाल बिनतोड वाटतो खरा. पण शोध दाखवावयाचा, तर त्यावर शोध लावणाराचें नांव असावें लागतें. आणि नांवें लिहिण्याची वही ज्यांच्या ताब्यांत, त्यांनींच जर तें नांव लिहूं दिलें नाहीं, तर गरिबानें दाखवावें काय? यंत्रांच्या शोधांची अशी वही म्हणजे पेटंटांचें दप्तर. अमेरिकेच्या त्या दप्तराबाहेर तेथील काळ्या लोकांचीं नांवें कशीं ठेवण्यांत आलीं, आणि तरीहि तीं आंत कशीं शिरलीं, याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. हा विषय आम्हांस परका नाहीं. अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या बांधवांना गुलामींतून सोडविलें, त्यांस जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें. तेव्हांपासून त्या लोकांचें सुखदुःख आमच्या घरचें झालें आहे.

पेटंट म्हणजे काय, हें आधीं थोडक्यांत सांगतों. तो सरकार आणि शोधक यांच्यामधला एक सौदा आहे. शोधकानें आपली युक्ति नकाशासकट उघड करून लिहून द्यावी. तिच्याबद्दल सरकारानें त्याला अशी सनद द्यावी, कीं ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच्या परवानगीवांचून ती युक्ति दुसऱ्या कोणीं वापरूं नये. मुदत संपली, कीं युक्ति सर्व जगाची. अमेरिकेंत १८३६ च्या कायद्याप्रमाणें अर्जदाराला शपथ घ्यावी लागे, कीं या वस्तूचा खरा व पहिला शोधक मीच आहें असें मी समजतों. शिवाय आपण कोणत्या देशाचे नागरिक, हेंहि सांगावें लागे. अट वाचावयास साधी आहे. तिनें काय केलें, तें पाहा.

१८५७ सालची गोष्ट. मिसिसिपी संस्थानांत ऑस्कर स्टुअर्ट नांवाचे एक वकील व जमीनदार होते. त्यांच्या गुलामांपैकीं नेड नांवाच्या एका लोहारानें कापसाच्या ओळींतलें तण खरवडून काढणारें एक दुहेरी औत तयार केलें. आमच्याकडच्या कोळप्याचा भाऊच म्हणा. औत कामाचें ठरलें. तेव्हां स्टुअर्टसाहेबांनीं वॉशिंग्टनला लिहिलें, कीं या औताचें पेटंट आम्हांस द्यावें. शोध आपला नसून आपल्या गुलामाचा आहे, हें त्यांनीं लपविलें नाहीं. त्यांचें म्हणणें इतकेंच, कीं गुलामाच्या हातांच्या मेहनतीचें फळ जसें धन्याचें, तसेंच त्याच्या डोक्याच्या मेहनतीचें फळहि धन्याचेंच. गाय आपली, तेव्हां दूधहि आपलें!

पेटंट-कचेरीनें अर्ज नाकारला. प्रकरण सरकारचे मुख्य कायदेपंडित, ॲटर्नी जनरल जेरिमाया ब्लॅक यांच्याकडे गेलें. १८५८ च्या जून महिन्यांत त्यांनीं मत दिलें, कीं गुलामानें लाविलेला शोध नवा असो, उपयोगी असो, त्याचें पेटंट देतां येत नाहीं. गुलामाला देतां येत नाहीं, कारण तो नागरिक नाहीं व शपथहि घेऊं शकत नाहीं. आदल्याच वर्षीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत तेथील सर्वांत वरच्या कोर्टानें काळा मनुष्य नागरिक होऊं शकत नाहीं असें ठरवून टाकिलें होतें. धन्यालाहि देतां येत नाहीं, कारण तो शोधक नाहीं. म्हणजे औत शेतांत चालत होतें, तण निघत होतें, पण कायद्याच्या दृष्टीनें त्या औताला बाप नव्हता! शोध आहे, पण शोधक नाहीं, असा चमत्कार त्या कचेरींत घडला.

याहून मौजेची गोष्ट पुढें आहे. पेटंट मिळेना, तेव्हां स्टुअर्टसाहेबांनीं तें औत तसेंच तयार करून विकावयास काढिलें, आणि हें औत एका काळ्या गुलामानें शोधिलें आहे असा स्वतःच डांगोरा पिटला. कशासाठीं? तर गुलामगिरीनें काळ्या माणसाची बुद्धि खुरटते असें म्हणणाऱ्या सुधारकांचें तोंड बंद व्हावें म्हणून! पाहा, आमच्या गोठ्यांतलें जनावर किती हुशार आहे, असा त्याचा अर्थ. नेडला सनद द्यावयाची वेळ आली, तेव्हां तो माणूस नव्हता. गुलामगिरीची जाहिरात करावयाची वेळ आली, तेव्हां तोच बुद्धिमान् ठरला. एकाच तोंडानें दोन्ही गोष्टी बोलणारे लोक आमच्या वाचकांनीं आपल्या गांवींहि पाहिले असतील.

त्याच मिसिसिपींत बेंजामिन माँटगोमेरी नांवाचा दुसरा गुलाम होता. उथळ नद्यांतून आगबोट नीट चालावी म्हणून त्यानें पाणी कापणाऱ्या पंख्याची एक नवी रचना केली. गुलाम म्हणून त्यालाहि पेटंट मिळालें नाहीं. त्याचे धनी जोसेफ डेव्हिस. यांचेच धाकटे बंधु जेफर्सन डेव्हिस हे १८६१ सालीं गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं त्या सरकारानें आपला नवा पेटंट-कायदा केला. त्यांत एक कलम घातलें, कीं शोध गुलामाचा असला, तर धन्यानें तशी शपथ घ्यावी आणि पेटंट धन्यानें घ्यावें. कायद्यांतलें भगदाड बुजविलें खरें; पण तें कोणाच्या सोयीसाठीं, हें सांगावयास नकोच.

आतां कोणी म्हणेल, कीं हे एकदोन लोहार-सुतार अपवादानें हुशार निघाले असतील. त्यावरून साऱ्या लोकांची बुद्धि कशी मोजावी? तर ज्या काळ्यांना गुलामीचें जोखड नव्हतें, त्यांच्याकडे पाहूं. न्यू यॉर्कचा टॉमस जेनिंग्ज हा स्वतंत्र मनुष्य. त्याला कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या रीतीबद्दल १८२१ सालींच पेटंट मिळालें. मेरीलंडच्या हेन्री ब्लेअरला १८३४ सालीं मका पेरण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. रंग तोच, देश तोच, कचेरी तीच. फरक एवढाच, कीं यांच्या गळ्यांत धन्याचा पट्टा नव्हता. म्हणजे कमी होती ती बुद्धि नव्हे. कमी होता तो शपथ घेण्याचा हक्क.

यांतल्या सर्वांत मोठ्या माणसाचें नांव आमच्या ऊंसवाल्या शेतकऱ्यांनीं तरी पाठ करून ठेवावें. तें नांव नोर्बेर रिल्यू. १८०६ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें त्याचा जन्म झाला. बाप गोरा, आई काळ्या वंशाची पण स्वतंत्र. बापानें त्याला पॅरिसला शिकावयास पाठविलें. तेथें तो वाफेच्या यंत्रांची विद्या शिकला आणि पुढें तीच शिकवूं लागला. त्या काळीं लुइझियानांत साखर कशी होत असे? उघड्या कढयांची रांग, खालीं जाळ, आणि उकळता रस पळ्यांनीं एका कढईंतून दुसरींत ओतणारे गुलाम. रस अंगावर उडे, कातडी भाजे, सरपण बेसुमार जळे, आणि साखर काळपट निघे. ज्यानें गुऱ्हाळाच्या चुलाणापुढें रात्र काढली आहे, त्याला हें अधिक सांगावयास नको.

रिल्यूनें विचार केला, कीं पहिल्या भांड्यांतून जी वाफ फुकट उडून जाते, तिच्यांतली ऊब गेली कोठें? ती वाफ धरून दुसऱ्या भांड्याखालीं घातली, तर तिच्याच उष्णतेनें दुसऱ्या भांड्यांतला रस कां आटूं नये? अडचण एवढीच, कीं वाफ पहिल्यापेक्षां अधिक तापलेली नसते. त्यावर त्यानें तोड काढली. भांडें बंद करून आंतली हवा ओढून घेतली, कीं रस कमी उष्णतेवरच उकळूं लागतो. पहिल्याहून दुसऱ्यांत दाब कमी, दुसऱ्याहून तिसऱ्यांत आणखी कमी. अशी भांड्यांची रांग लाविली, म्हणजे एकदां दिलेली वाफ दोनदां, तीनदां काम करिते. सरपण वांचतें, रस करपत नाहीं, साखर पांढरी उतरते, आणि उकळता रस हातानें ओतण्याचें कारणच उरत नाहीं. या युक्तीचीं पेटंटें त्याला १८४३ व १८४६ सालीं मिळालीं.

आज प्रवरानगरापासून कोल्हापुरापर्यंत ज्या ज्या कारखान्यांत ऊंस गाळला जातो, तेथें रस आटविण्याच्या बंद भांड्यांची रांग उभी आहे. तिच्या मुळाशीं हीच युक्ति आहे. दूध आटवावयाचें असो कीं खाऱ्या पाण्याचें गोडें पाणी करावयाचें असो, तत्त्व हेंच वापरतात. आमच्या सहकारी कारखान्यांचे संचालक भाषणांत पुष्कळांचे आभार मानतात. एखादे दिवशीं या काळ्या यंत्रशास्त्र्याचेहि मानावे. ज्या मळेवाल्यांना त्यानें गबर केलें, त्यांच्या पंक्तीस मात्र त्याला बरोबरीचें पान नव्हतें. पुढें तो देश सोडून पॅरिसला गेला व तेथेंच १८९४ सालीं वारला.

१८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, आणि १८६८ सालीं काळ्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळाली. दार उघडलें मात्र, आंत कोण कोण आलें पाहा.

इलायजा मकॉय याचे आईबाप केंटकींतून पळून कानडांत गेलेले गुलाम. पोर हुशार म्हणून त्यांनीं त्याला स्कॉटलंडांत यंत्रविद्या शिकावयास धाडिलें. परत आल्यावर अमेरिकेंतल्या आगगाडीवर त्याला काम मिळालें तें कोळसा टाकण्याचें व तेल घालण्याचें. काळ्याला इंजिनियर कोण करणार? त्या वेळीं यंत्राला वंगण द्यावयाचें तर गाडी थांबवावी लागे. मकॉयनें यंत्र चालत असतांनाच वाफेच्या जोरानें आपोआप तेल सुटेल अशी कुपी तयार केली व १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. हलकें काम दिलें, त्यांतूनच शोध निघाला! पुढें त्याच्या नांवावर पन्नासांहून अधिक पेटंटें झालीं.

लुइस लॅटिमर हाहि पळून आलेल्या गुलामांचा मुलगा. पेटंटांचें काम करणाऱ्या वकिलांच्या कचेरींत तो पोऱ्या म्हणून लागला. नकाशे काढणारे कसे काढतात, हें पाहून व जुनीं पुस्तकें वाचून तो स्वतः नकाशे काढावयास शिकला आणि त्याच कचेरींत मुख्य नकाशेवाला झाला. पुढें विजेच्या दिव्यांच्या कंपनींत गेल्यावर दिव्यांतील कोळशाची तार टिकाऊ करण्याच्या रीतीचें पेटंट त्यानें १८८२ सालीं मिळविलें. त्यानंतर एडिसनच्या कंपनींत पेटंटांच्या खटल्यांसाठीं जाणता साक्षीदार म्हणून त्याची नेमणूक झाली. ज्याच्या बापाला कोर्टांत माल म्हणून गणलें गेलें, त्या मुलाची साक्ष कोर्ट कान देऊन ऐकूं लागलें.

ग्रॅनव्हिल वुड्स यानें धांवत्या आगगाडींतून स्टेशनाला तारेनें संदेश पाठविण्याची युक्ति काढली. गाडी तारेला शिवत नाहीं. गाडींतल्या वेटोळ्यांतली वीज रुळाजवळच्या तारेंत आपला परिणाम उठविते. दुसरा एक शोधक हीच युक्ति आपली म्हणून पुढें आला. पेटंट-कचेरीनें दोघांचे कागद तपासले व वुड्सचा शोध आधींचा ठरवून १८८७ सालीं त्याला पेटंट दिलें. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. वुड्सला वांचविलें तें तारीखवार लिहून ठेवलेल्या टिपणांनीं व नकाशांनीं. केवळ तोंडानें "मी केलें" म्हणणाऱ्या गरिबाचें कोणी ऐकलें नसतें.

आमच्या चर्मकार बंधूंसाठीं यान मॅट्झेलिगर याची गोष्ट मुद्दाम सांगतों. हा दक्षिण अमेरिकेंतल्या डच गियानाचा. आई काळी, बाप गोरा. तो मॅसॅच्युसेट्समधील लिन या गांवीं जोड्यांच्या कारखान्यांत मजूर झाला. जोड्यांचीं सारीं कामें यंत्रावर होऊं लागलीं होतीं. एकच राहिलें होतें. लांकडी कलबुतावर वरचें कातडें ओढून, त्याच्या चुण्या बसवून तें तळाशीं जोडणें, हें काम माणसाच्या बोटांशिवाय होणार नाहीं असें सगळे म्हणत. दिवसा मजुरी, रात्रीं अभ्यास. जुनाट नकाशाचीं हत्यारें विकत घेऊन तो स्वतः शिकला. पहिला नमुना त्यानें सिगारच्या पेट्यांच्या फळ्यांचा केला. १८८३ सालीं त्याला पेटंट मिळालें. हातानें कुशल कारागीर दिवसाला ५० जोड करी. तें यंत्र पुढें ७०० पर्यंत करूं लागलें. जोडे स्वस्त झाले व गरिबाच्या पायांत आले. हातानें काम करणाऱ्यांची मजुरी गेली, हेंहि खरें. तें लपविण्याचें कारण नाहीं. पण भांडवलासाठीं त्याला आपल्या हक्काचे तीन भागांपैकीं दोन भाग आधींच दुसऱ्यांस द्यावे लागले होते. शरीर झिजून तो क्षयानें १८८९ सालीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच वारला. ज्या चर्चांनीं त्याला काळा म्हणून आपल्यांत घेतलें नाहीं, त्यांना त्यानें कांहीं ठेविलें नाहीं. ज्या एका चर्चनें घेतलें, त्याला आपले शेअर देऊन गेला. चामड्याला हात लावणाराला अक्कल नसते असें समजणाऱ्यांनीं पायांतला जोडा काढून त्याच्याकडे एकवार नीट पाहावें.

आणि जूडी रीड ही बाई? वॉशिंग्टनच्या या काळ्या बाईला १८८४ सालीं कणीक मळण्याच्या व लाटण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. त्या कागदावर तिची सही म्हणजे एक फुली आहे. तिला लिहितां येत नसावें. गुलामांना अक्षर शिकविणें हा दक्षिणेंतल्या पुष्कळ संस्थानांत गुन्हा होता, हें आठवलें म्हणजे त्या फुलीचा अर्थ कळतो. अक्षर हिरावून घेतां आलें. यंत्र सुचावयाचें राहिलें नाहीं.

इतकें होऊनहि "काळ्यांनीं शोध काय लाविला?" हा सवाल थांबला नाहीं. कारण पेटंटाच्या कागदावर माणसाचा रंग लिहीत नसत; त्यामुळें काळ्याचा शोध गोऱ्याच्या खात्यांत आपोआप जमा होई. तेव्हां पेटंट-कचेरींतच नोकरीस असलेल्या हेन्री बेकर या काळ्या गृहस्थानें एकेक वकिलाला व शोधकाला विचारून यादी जमविली. १८९४ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन मरे यांनीं तींतील ९२ पेटंटें अमेरिकेच्या काँग्रेसच्या दप्तरांत नोंदवून टाकिलीं. मरे हे जन्मानें गुलाम, पुढें काँग्रेसचे सभासद. आणि त्या ९२ पैकीं ८ पेटंटें त्यांच्या स्वतःच्या शेतीच्या यंत्रांचीं होतीं! सवालाला जबाब असा द्यावा लागतो. शिव्यांनीं नव्हे, यादीनें, आंकड्यांनीं, तारखांनीं.

परंतु सनद मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असें कोणीं समजूं नये. क्लीव्हलंडच्या गॅरेट मॉर्गननें धुरांत व विषारी वायूंत जातांना डोक्यावर घालावयाच्या टोपाचें पेटंट १९१४ सालीं घेतलें. काळ्याचा माल कोणी घेणार नाहीं म्हणून विक्रीच्या वेळीं तो गोऱ्या माणसाला शोधक म्हणून पुढें उभा करी. १९१६ सालीं ईरी सरोवराखालच्या बोगद्यांत स्फोट होऊन मजूर अडकले, तेव्हां मॉर्गन व त्याचा भाऊ तोच टोप घालून आंत उतरले व माणसें बाहेर काढलीं. त्यामुळें शोधक काळा आहे हें लोकांस कळलें, आणि कित्येकांनीं दिलेल्या मागण्या परत घेतल्या! जीव वांचविणाराचा विटाळ मानणारे लोक सगळीकडे सारखेच.

आणि जे शोध जन्मालाच आले नाहींत, त्यांचा हिशेब कोणीं ठेवावा? तोहि अलीकडे ठेवण्यांत आला आहे. अर्थशास्त्रज्ञ लिसा कुक यांनीं १८७० पासून १९४० पर्यंतचीं काळ्या शोधकांचीं पेटंटें तपासून २०१४ सालीं दाखवून दिलें, कीं जेथें झुंडीनें काळ्यांचे खून झाले, दंगे झाले, वेगळें बसविण्याचे कायदे झाले, तेथें पेटंटें घटलीं. त्या काळांत या जुलमामुळें ११०० हून अधिक पेटंटें बुडालीं, असा त्यांचा हिशेब आहे. वाचनालयांत शिरतां येत नाहीं, वकिलाच्या पेठेंत पाऊल टाकवत नाहीं, जिवाची शाश्वती नाहीं; मग शोध कोण लावणार? जुलूम हा नुसत्या जुलूम सोसणाऱ्याचें नुकसान करीत नाहीं. त्या ११०० यंत्रांवांचून सारा देश राहिला.

एक इशारा आमच्याच लोकांना. लॅटिमरनें विजेचा दिवा शोधला, वुड्सनें अमुक सर्व शोधलें, अशा फुगविलेल्या गोष्टी हल्लीं पुष्कळ फिरतात. त्या आम्हांस नकोत. लॅटिमरनें दिवा शोधला नाहीं. दिव्यांतली तार करण्याची रीत सुधारली, आणि तेवढें पुरेसें आहे. पुराणांतल्या विमानांवर हक्क सांगणाऱ्यांची थट्टा आम्ही करावी, आणि आपल्या माणसांबद्दल तसेंच बोलावें, हें शोभत नाहीं. सत्य शोधणाराला पेटंटाच्या कागदाइतका चांगला सोबती नाहीं. त्यावर तारीख असते, नकाशा असतो, नेमका दावा असतो.

आतां आमच्या घराकडे वळतों. आमच्या वर्कशॉपांत, गॅरेजांत, शेतांत आणि कारखान्यांत रोज कोणी ना कोणी औताला नवा वळसा देतो, पंपाची दुरुस्ती करितां करितां पंपच सुधारतो. चार दिवसांनीं ती सुधारणा दुसऱ्याच्या नांवानें बाजारांत येते. आज नेडसारखी स्थिति नाहीं. १९७० च्या हिंदी कायद्याप्रमाणें खऱ्या व पहिल्या शोधकाला जात, शिक्षण, पदवी न विचारतां अर्ज करितां येतो. पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षें असते. आणि पेटंटाचा धनी कंपनी झाली, तरी शोधक म्हणून आपलें नांव त्यावर लिहिलें जावें अशी मागणी शोधकाला करितां येते. एकट्या माणसाला फी कंपनीपेक्षां कमी पडते. काम पुरें झालें नसेल, तर आधीं तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांच्या आंत पुरा अर्ज देण्याची सवड आहे. पण अर्जाच्या आधींच युक्ति चारचौघांत दाखविली, छापली किंवा विकली, तर बहुधा हक्क जातो. आमचा कारागीर भोळा. तो पहिल्या दिवशींच सगळ्या बाजाराला दाखवितो.

म्हणून आमचें सांगणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, मुलांना व मुलींना नकाशा काढावयास शिकवा. लॅटिमरला पोऱ्याच्या जागेवरून उठविलें तें याच विद्येनें. दुसरी, जें सुचलें तें वहींत तारीख घालून लिहा व खालीं साक्षीदाराची सही घ्या. वुड्स त्यानेंच जिंकला. तिसरी, मॅट्झेलिगरसारखें दोन हिस्से कोणाच्या पदरांत टाकावे लागूं नयेत म्हणून आमच्या पतपेढ्यांनीं व कारखान्यांनीं कारागिराच्या अर्जासाठीं व नमुन्यासाठीं थोडा निधि बाजूला काढावा. लग्नाच्या मांडवाला कर्ज मिळतें; यंत्राच्या नमुन्याला कां मिळूं नये?

नेडचें आडनांव काय, त्याचें पुढें काय झालें, याची नोंद दप्तरानें ठेविली नाहीं. त्याच्या धन्याचें नांव मात्र अर्जावर स्पष्ट आहे. यापुढें कोणीं "तुमच्या लोकांनीं कोणता शोध लाविला?" असें विचारलें, तर रागावूं नका. शांतपणें यादी पुढें ठेवा, आणि मग विचारा, कीं वही कोणाच्या हातांत होती? आणि घरीं जाऊन आपल्या पोराच्या हातांत पेन्सिल द्या.